हाडापर्यंत पोचणारा ऑक्सिजन

3 जून 2024, सोमवार, लांजा

वेरवलीच्या काकी आज दवाखान्यात आल्या, तोंडावर पदर धरून. वासामुळे. एसटीत शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दुखण्यापेक्षा तेच त्यांना जास्त लागलं होतं.

2020 च्या सुरुवातीला, लॉकडाउन लागायच्या आधी, डाव्या गालाच्या आतल्या कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईत झालं. मागोमाग शेक, म्हणजे रेडिएशन. कारण आमच्याकडचं नेहमीचं, लहानपणापासूनची मिशरी. कॅन्सर गेला, काकी पुन्हा शेतात उतरल्या. या फेब्रुवारीत खालची डावी दाढ हलायला लागली. एका दवाखान्यात गेल्या आणि दाढ काढून घेतली. तो खड्डा आजतागायत भरलेला नाही.

तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. आरसा कसाबसा आत घातला. दाढेच्या जागी हिरडी नाहीच, नुसतं हाड उघडं पडलंय. पिवळट राखाडी, दीडेक सेंटिमीटर लांब, कडेने पू. अवजार लावलं तरी त्यांना कळत नाही. हनुवटीची डावी बाजूही बधिर झालीय.

"काकी, दाढ काढताना शेक घेतल्याचं सांगितलंत का?"

"कोनी इचारलानच नाय, मॅडम. आनि फाइल घरात, टरंकेत."

पुढच्या खेपेला फाइल आणायला सांगितली. जखम धुतली, अँटिबायोटिक दिलं. ते देताना मला माहीत होतं की गोळीतलं औषध रक्तातून जाणार, आणि त्या हाडात रक्तच पुरेसं पोचत नाही.

6 जून, गुरुवार

काकींचा पुतण्या फाइल देऊन गेला. शेकाचा डोस 60 ग्रे, 30 भागांत. आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. कॅन्सरसाठी बरोबर डोस, पण याच्या पुढेमागेच जबड्याच्या हाडाचा धोका वाढायला लागतो.

शेक कॅन्सरच्या पेशी मारतो तेव्हा वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. त्यांचं अस्तर सुजतं, जाड होतं आणि महिन्या-वर्षांनी त्या बुजत जातात. हाड तयार करणाऱ्या पेशी कमी होतात. लाळेच्या ग्रंथी सुकतात, म्हणून दात मुळाशी किडतात. वरचा जबडा त्यातल्या त्यात बचावतो. त्याला अनेक बाजूंनी रक्त मिळतं. खालचा जबडा घट्ट, जड, आणि त्याची मुख्य भिस्त हाडाच्या आतून धावणाऱ्या एका रोहिणीवर. ती अरुंद झाली की हाड जिवंत दिसतं खरं, पण जखम भरून काढायची ताकद त्यात उरत नाही. अशा हाडातून दाढ उपटली की शरीराकडे एकदम मोठी मागणी जाते आणि ती पुरी होत नाही. शेक घेतलेल्या जागी तीन महिन्यांहून जास्त काळ हाड उघडं राहिलं आणि तिथे कॅन्सर परतलेला नसला, तर शेकाने हाड मेलं असं आम्ही धरतो. काकींचे तीन महिने कधीच उलटलेत.

पण 'कॅन्सर परतलेला नसला' ही अट आधी तपासायची. त्याच्याआधी कुठल्याही उपचाराचं नाव घ्यायचं नाही.

11 जून, मंगळवार

मृगाचा पाऊस चांगला लागलाय. काकी आणि त्यांचा पुतण्या रत्नागिरीला जाऊन ओपीजी, म्हणजे जबड्याचा पूर्ण एक्स-रे, काढून आले. डाव्या बाजूला हाड कुरतडल्यासारखं, मध्ये एक वेगळा झालेला तुकडा. खालची कड शाबूत आहे, म्हणजे जबडा मोडलेला नाही. मोठाच दिलासा. ती कड गेली असती तर जबड्याचा भाग कापून त्या जागी पायाच्या नळीशेजारचं बारीक हाड बसवायचं ऑपरेशन लागलं असतं.

कडेच्या मांसाचा आणि सुट्या हाडाचा तुकडा तपासायला पाठवला.

काकींना घाई होती. पेरणी झालीय, लावणी तोंडावर आहे. "आता परत मुंबय? आनि भात कोन लावनार?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

19 जून, बुधवार

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. मेलेलं हाड, पू आणि ॲक्टिनोमायसीस जंतूंच्या वसाहती. हा जंतू आपल्या सगळ्यांच्या तोंडात असतो, मेलेल्या हाडात तो ठाण मांडतो.

फोनवर काकींना सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग रडण्याचा आवाज आला. चार महिने त्या बाईने कोणाला न सांगता मनात एकच भीती धरून ठेवली होती.

24 जून, सोमवार

काकींच्या मुलाचा विरारहून फोन. मुंबईच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलंय, ऑपरेशन सुचवलंय, आणि ऑपरेशनच्या आधी व नंतर 'हायपरबेरिक ऑक्सिजन' घ्यावा असं त्यांचं मत. त्याने स्वतःही शोधाशोध केली. एका केंद्राचं माहितीपत्रक मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यात जबड्याच्या हाडाबरोबर केस गळणं, स्वमग्नता, थकवा, तारुण्य टिकवणं, सगळंच होतं. शेवटी 'शस्त्रक्रियेशिवाय'.

"मॅडम, ऑपरेशन न करता नुसत्या ऑक्सिजनने होत असेल तर तेच करू ना?"

त्याला म्हटलं, दोन दिवस दे. हाडाचा सुटा तुकडा कुठलाही वायू विरघळवून टाकत नाही, एवढं तेव्हाच सांगितलं. बाकीचं नीट बघून, आकडे हातात घेऊन सांगायचं होतं. आईसाठी कर्ज काढायच्या तयारीत असलेल्या माणसाला अंदाजाने उत्तर देता येत नाही.

26 जून, बुधवार, रात्री

पुतण्याने आज साधा आणि नेमका प्रश्न विचारला. कोविडमध्ये सिलिंडर घरोघर आले होते, तसा एक आणून काकींना मास्क लावला तर?

नाही होणार, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन हिमोग्लोबिनवर बसून जातो. धडधाकट फुफ्फुसांच्या माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेतच 97-98 टक्के भरलेलं असतं. मास्कने त्यात भर पडून पडून किती पडणार? उरतो तो रक्ताच्या पाण्यात विरघळणारा ऑक्सिजन. साध्या हवेत तो 100 मिलिलिटर रक्तामागे 0.3 मिलिलिटर. शुद्ध ऑक्सिजन मास्कने दिला तर दोनच्या आसपास. पण हायपरबेरिक पद्धतीने, म्हणजे माणसाला दाबाच्या चेंबरमध्ये ठेवून शुद्ध ऑक्सिजन दिला, तर तिप्पट वातावरणीय दाबाला हा आकडा सहापर्यंत जातो. गोटी सोड्याच्या बाटलीत दाबाने वायू पाण्यात कोंबलेला असतो, तसाच हा. एरवी आराम करणाऱ्या शरीराला 100 मिलिलिटरमागे पाच-सहा मिलिलिटरच लागतो. म्हणजे तांबड्या पेशींच्या मदतीवाचूनही भागावं इतका ऑक्सिजन नुसत्या रक्तद्रवात मावतो.

ॲमस्टरडॅमचे हृदयशल्यविशारद बूरेमा यांनी 1960 साली हे डुकरांवर दाखवलं. रक्त जवळपास सगळं काढून हिमोग्लोबिन नसलेला द्रव भरला आणि तिप्पट दाबाच्या चेंबरमध्ये ती डुकरं जगवली. त्यावरच्या लेखाला त्यांनी 'रक्ताविना जीवन' असं नाव दिलं.

चेंबर मुळात हाडांसाठी नव्हतेच. खोल पाण्यातून घाईने वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, त्याला पुन्हा दाबाखाली नेऊन हळूहळू बाहेर काढायचं. त्यासाठी ते नौदलांकडे असत. कुलाब्याला नौदलाचं अश्विनी रुग्णालय आणि तिथली नौदल वैद्यक संस्था आहे. भारतात हे शास्त्र नौदलाच्या अशा संस्थांतूनच वाढलं. जबड्यासाठी साधारण 2.4 पट दाब वापरतात, म्हणजे समुद्रात 14 मीटर खाली गेल्यावर अंगावर येईल तेवढा. एक सत्र 90 मिनिटांचं.

हाडाला उपयोग कसा? एक, पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण जंतू मारायला त्यांना ऑक्सिजन लागतो. दोन, काही अँटिबायोटिक ऑक्सिजनशिवाय जंतूच्या आतच शिरत नाहीत. तीन, आणि शेकाच्या हाडात सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जखमेच्या कडेला ऑक्सिजनची मोठी चढउतार झाली की नव्या केशवाहिन्या फुटतात. मायामीचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी 1983 मध्ये हे मांडलं. शेकाने मेलेलं हाड हा मुळात जंतुसंसर्ग नव्हे. रक्त, पेशी आणि ऑक्सिजन तिन्ही आटल्यामुळे न भरणारी ती जखम आहे, आणि जंतू नंतर येतात. या मांडणीने तोंडाच्या डॉक्टरांची एक पिढी वेगळा विचार करायला शिकली. शिकताना आमच्याकडूनही ती पाठ करून घेतली होती. दाढ काढण्याआधी 20 सत्रं, नंतर 10.

30 जून, रविवार

आज दवाखाना बंद. पाऊस इतका की अंगणातला आवाजही ऐकू येत नव्हता. दिवसभर वाचत बसले.

मार्क्स यांचा 1985 चा अभ्यास. शेक घेतलेले 74 रुग्ण, दाढ काढायची होती. निम्म्यांना पेनिसिलिन, निम्म्यांना चेंबर. पेनिसिलिनच्या 37 पैकी 11 जणांचं हाड मेलं, चेंबरच्या 37 पैकी दोघांचं. हा आकडा वाचून कोणीही चेंबरच्या बाजूने उभं राहील, आणि वीस वर्षं जग राहिलंही.

मग 2004. फ्रान्समधल्या आनान आणि सहकाऱ्यांनी 68 रुग्णांवर अभ्यास केला. काहींना खरा उपचार, काहींना चेंबरमध्ये बसवून खोटा. कोणाला काय मिळतंय ते रुग्णाला माहीत नाही. वर्षाअखेर खऱ्या उपचाराचे 19 टक्के बरे झाले, खोट्याचे 32 टक्के. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. त्यावर टीका झाली आणि त्यातली काही रास्त होती. जबडा मोडलेले, मोठं ऑपरेशन लागणारे रुग्ण त्यांनी घेतलेच नव्हते. चेंबरचा खरा उपयोग ऑपरेशनच्या जोडीने होतो, असं मार्क्सपंथीयांचं म्हणणं.

मग 2019 चा ब्रिटनमधला होपॉन अभ्यास. शेक घेतलेल्या खालच्या जबड्यात दाढ काढायची किंवा इम्प्लांट बसवायचं असे 144 रुग्ण. सहा महिन्यांनी हाड मेलेले, चेंबरच्या गटात 6.4 टक्के, बिनचेंबरच्या गटात 5.7 टक्के. फरक नाहीच. आणि मार्क्स यांच्या पेनिसिलिन गटातला तीसेक टक्क्यांचा धोकाही कुठे दिसत नाही. दाढ काढायची पद्धत आणि शेकाची यंत्रं दोन्ही बदलली आहेत.

तिसरी वाट औषधांची. पेंटॉक्सिफायलिन, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी आपण पूर्वीपासून देतो ती गोळी, आणि ई जीवनसत्त्व. पॅरिसच्या देलानियाँ यांनी 2011 मध्ये त्यात क्लोड्रोनेट जोडून 54 रुग्णांचा चांगला अनुभव लिहिला. पण शेजारी तुलनेचा गट नव्हता.

माझं मत पक्कं झालं. दाढ काढणाऱ्या प्रत्येक शेकाच्या रुग्णाला चेंबरमध्ये पाठवणं आता समर्थनीय नाही. आधीच मेलेल्या हाडाला ऑपरेशन टाळून नुसता ऑक्सिजन देणं तर नाहीच नाही. पण निवडक रुग्णात, मेलेलं हाड काढणाऱ्या सर्जनच्या हाताखाली, उरलेल्या कडा भरून याव्यात म्हणून कोणी जाणत्याने तो सुचवला, तर मी आडवी येणार नाही. मुलाला हे सगळं आकड्यांसकट सांगितलं. कर्ज काढायचं तर ते ऑपरेशनला, राहण्या-खाण्याला काढ, आणि 'शस्त्रक्रियेशिवाय' म्हणणाऱ्यांकडे जाऊ नको.

3 जुलै, बुधवार

आज दुसरा जबडा, वरचा. राजापूरकडचे गृहस्थ टाळूचं ऑब्ट्युरेटर सैल झालं म्हणून आले. 2021 च्या उन्हाळ्यात कोविडनंतर काळी बुरशी झाली आणि टाळूसकट वरच्या जबड्याचा उजवा भाग काढावा लागला. नाक आणि तोंड यांच्यामधलं भोक झाकायला ही प्लास्टिकची पट्टी. ती नसेल तर पाणी नाकातून येतं आणि बोललेलं कळत नाही.

त्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये या रोगाने जो कहर केला तो विसरणं शक्य नाही. 20 मे 2021 ला केंद्राने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोक जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होते. तेव्हा आमच्या भागात समज पसरला होता की सिलिंडरच्या ऑक्सिजननेच बुरशी होते, आणि काही घरांनी गरज असूनही मास्क काढून टाकला. खरी जोडी होती ताब्यात नसलेल्या मधुमेहाची आणि स्टेरॉइडच्या बेहिशेबी वापराची.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत घुसून त्या बंद करते आणि मागचं हाड मरतं. म्हणून तिथेही दाबाखालच्या ऑक्सिजनचा विचार होतो. पण आधार आहे तो रुग्णांच्या छोट्या मालिकांचा, तुलनेच्या अभ्यासाचा नाही. ऑपरेशन, ॲम्फोटेरिसिन आणि साखर ताब्यात आणणं, ही तीन कामं आधी.

पट्टी घासून, मऊ अस्तर लावून बसवली. ते म्हणाले, "आता भजनाला बसतो." आषाढी दोन आठवड्यांवर आहे.

15 जुलै, सोमवार

काकी काल रात्रीच्या गाडीने निघणार होत्या. लावणी त्यांनी भावकीतल्या बायकांवर सोपवली, बांधावर उभं राहून सगळं सांगून मगच रत्नागिरी स्टेशनला गेल्या. संध्याकाळी खेडच्या पुढे दिवाणखवटी आणि विन्हेरेच्या मध्ये रुळावर दरड आली. गाड्या जागच्या जागी. रात्री उशिरापर्यंत फलाटावर बसून पुतण्याने त्यांना परत आणलं. आज सगळा दिवस गाड्या रद्द आणि वळवलेल्या. चेंबरची पहिली वेळ गुरुवारची आहे, सर्जनकडचे कागद त्याआधी व्हायला हवेत.

चेंबरवर लिहिणारे दाब, मिनिटं, टक्के लिहितात. लांज्याच्या माणसाचा हिशेब वेगळा. मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ऑपरेशनआधी 20, नंतर 10, म्हणजे शेकाला लागले तेवढेच दिवस पुन्हा. सोबतीला एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी, विरारहून रोजची लोकल. 1941 साली परळला टाटा रुग्णालय उभं राहिलं तेव्हापासून कोकणातली माणसं असाच मुक्काम ठोकून उपचार घेत आलीत. धर्मशाळा नसत्या तर निम्मे अर्ध्यावर परतले असते. रुग्णाला पाच टक्के फायदा होतो की नाही हे ठरवताना हा खर्चही तराजूत घातला पाहिजे.

20 जुलै, शनिवार

काकी अखेर बसने पोचल्या. दोन सत्रं झाली. फोनवर त्यांचा पहिला शब्द तक्रारीचा होता. "डोईला तेल लावू नको म्हनतात!"

त्याचं कारण मी समजावलं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पुरते. तेल, पावडर, क्रीम, नायलॉनची साडी, मोबाइल, काडेपेटी, ऐकू यायचं यंत्र, काहीही आत चालत नाही. सुती झगा तेवढा. 1997 साली इटलीत मिलानच्या एका रुग्णालयात कोणीतरी हात शेकायचं छोटं उपकरण आत नेलं आणि आगीत अकरा जण गेले. त्यामुळे जिथे दारावर अंगझडती होत नाही, तिथे पाऊल टाकू नका, असं मी त्यांच्या मुलाला आधीच बजावलं होतं. तिथे रोज होते. मला बरं वाटलं.

मंगळसूत्र काढून ठेवायला काकी तयार नव्हत्या. शेवटी सुनेच्या हातात दिलं.

2 ऑगस्ट, शुक्रवार

कान. दाब वाढताना विमानात बसतात तसे दडे बसतात. गिळलं, जांभई दिली की मोकळे होतात. पण काकींचं तोंड दोन बोटं उघडतं आणि लाळ नाही. जांभई येणार कशी, गिळणार काय? पहिल्या आठवड्यात एका कानाच्या पडद्याला रक्ताची लाली आली. आता दाब हळू चढवतात आणि घोट घोट पाणी देतात. एवढ्यावर भागलं. काहींना पडद्यात बारीक नळी घालावी लागते.

काकींना मधुमेह असल्याने आत जाण्याआधी साखर बघतात, कारण चेंबरमध्ये ती उतरते. सुरुवातीला छातीचा एक्स-रेही काढला होता. फुफ्फुसाला भोक पडून छातीत हवा साचलेली असेल तर हा उपचार जीवघेणा ठरतो. मध्येमध्ये ऑक्सिजन थांबवून साधी हवा देतात, नाहीतर जास्तीच्या ऑक्सिजनने फिट येऊ शकते. हे सगळं वाचून कोणी घाबरू नये. नीट चालवलेल्या केंद्रात गंभीर अपघात विरळाच. पण केस वाढवायला आणि तरुण दिसायला याच्यात माणसं बसवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

17 ऑगस्ट, शनिवार

ऑपरेशन झालं. मेलेला तुकडा सुटा निघाला. कडा रक्त येईपर्यंत खरवडल्या आणि आजूबाजूचं मांस ओढून वर शिवलं. खालची कड वाचली. सर्जनने मला स्वतः फोन करून सांगितलं, हे विशेष. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरला असा फोन क्वचित येतो. पेंटॉक्सिफायलिन आणि ई जीवनसत्त्व त्यांनी सुरू केलंय, सहा महिने तरी चालेल.

31 ऑगस्ट, शनिवार

नंतरची सत्रं संपली. काकी म्हणाल्या, पोथी आता चष्म्याशिवाय वाचता येते. डोळे सुधारले म्हणून खूश आहेत. जास्त सत्रांनी डोळ्याचं भिंग बदलतं, जवळचं स्वच्छ आणि लांबचं धूसर दिसतं, आणि काही आठवड्यांत ते पूर्ववत होतं. घाईने नवा चष्मा करू नका, एवढंच सांगितलं.

5 सप्टेंबर, गुरुवार

परवा गणपती. चाकरमान्यांनी रस्ता भरलाय. त्याच गर्दीतून काकी लेक, सून, नातवंडांसह आल्या, आणि घरी जायच्या आधी दवाखान्यात.

पदर तोंडावर नव्हता. आत गुलाबी मांस, सबंध. हाड कुठेही उघडं नाही. पू नाही, वास नाही. हनुवटी अजून बधिर आहे आणि ती तशीच राहील बहुधा. तोंड अडीच बोटं. व्यायाम चालू ठेवायला लाकडी चमच्यांची जुडी दिली.

मुलगा विचारत होता, "कशाने झालं, मॅडम? ऑक्सिजनने?"

एका रुग्णावरून हे सांगता येत नाही. मेलेलं हाड काढलं, ते निश्चित कामी आलं. मांसाने जखम झाकली, तेही. चेंबरने कडा भरायला मदत केली असेल. गोळ्यांनीही केली असेल. वर्षभर भरलेलं राहिलं तर खरं. त्याला मी हेच सांगितलं, आणि दर दोन महिन्यांनी दाखवायला बजावलं.

18 सप्टेंबर, बुधवार

काल अनंत चतुर्दशी. आज ग्रामीण रुग्णालयात आशाताईंची बैठक होती, तिथे दहा मिनिटं बोलायला मागून घेतली. 2012 पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण मिशरी घराघरात भाजली जाते, आणि ती भाजणारी आणि लावणारी बाई तोंडाची तपासणी करून घेत नाही. आशाताईंनी बायकांची तोंडं उघडून बघावीत, पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर पाठवावं, हे सांगितलं. मग काकींची गोष्ट, नाव न घेता.

फेब्रुवारीत दाढ काढणाऱ्याने एक प्रश्न विचारला असता, तर दाढ न काढता वरचा भाग कापून, मुळातली नस भरून ती मुळं तशीच ठेवता आली असती. काढायचीच होती तर अँटिबायोटिकच्या आधाराने, हाड न दुखावता, वर टाका घालून, आणि शेक दिलेल्या डॉक्टरला कळवून. तेवढं झालं असतं तर बहुधा या साऱ्याची गरज पडली नसती.

म्हणून वाचणाऱ्याला विनंती. घरात कोणाला मान किंवा तोंडाचा शेक घ्यायचा असेल, तर तो सुरू होण्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी दातांच्या डॉक्टरकडे न्या. वाचणार नाहीत त्या दाढा तेव्हाच काढून घ्या, म्हणजे जखमेला भरायला वेळ मिळेल. राहतील त्या दातांना रोज फ्लोराइड लावा. आणि शेकानंतर, कितीही वर्षं लोटली तरी, कुठल्याही खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा शेक घेतल्याचं सांगा.